बालाघाटातील भटकंती आणि छायाचित्रण : एक जोडछंद

माणसाच्या जीवनात छंदाला मोठे स्थान आहे. पोटासाठी माणूस काम करतो, परंतु मनासाठी त्याला आणखी काहीतरी लागते. कोणी नाणी जमवतो, कोणी पेटी वाजवतो, कोणी कविता करतो. प्रस्तुत लेखात मी दोन छंदांच्या जोडीविषयी लिहिणार आहे. डोंगर-माळावर पायी भटकणे हा पहिला आणि निसर्गाची छायाचित्रे काढणे हा दुसरा.

हे दोन्ही छंद वेगवेगळे जोपासणारे पुष्कळ आहेत. परंतु ते एकत्र आले म्हणजे एकाची उणीव दुसरा भरून काढतो. नुसता भटकणारा बहुधा वर पोचण्याच्या घाईत असतो. वाटेत काय पाहिले असे विचारले तर त्याला दोन गोष्टी धड सांगता येत नाहीत. उलट नुसता छायाचित्रकार गाडी जाईल तेथवर जातो, चार फोटो घेतो आणि परततो. पायाला कॅमेरा मिळाला की पाय थांबायला शिकतात आणि कॅमेऱ्याला पाय मिळाले की तो सडक सोडून रानात शिरतो.

माझ्या मैत्रिणींजवळ मी हा विषय काढला तेव्हा दोन आक्षेप पुढे आले. पहिला असा, की हा छंद पुण्या-मुंबईच्या पैसेवाल्यांचा. दुसरा असा, की आपला जिल्हा दुष्काळी, इथे फोटो काढण्याजोगे आहे तरी काय? या दोन्ही आक्षेपांना उत्तर देण्याचा माझ्या परीने हा प्रयत्न आहे.

चालणे आपल्याला नवे नाही

'हायकिंग' हा शब्द इंग्रजी असला तरी चालणे आपल्याला कोणी बाहेरून येऊन शिकवलेले नाही. आश्विन पौर्णिमेला सोलापूरहून तुळजापूरपर्यंतचा रस्ता माणसांनी भरून जातो. म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बायका, तरुण मुले रात्रभर चालून आईच्या दर्शनाला येतात. आषाढीला पंढरपूरची वाट धरणारे आपल्या प्रत्येक गावात आहेत. मेंढपाळ तर वर्षातले कित्येक महिने चालतच असतात.

माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आमच्या गावाला बालाघाटाचा डोंगर लागून आहे. घरच्या माणसांचे त्या डोंगराशी नाते कामाचे. शेळ्या चारणे, सरपण आणणे, सीताफळांच्या दिवसांत पाट्या भरून आणणे, यासाठी डोंगर चढायचा. त्यामुळे काही काम नसताना डोंगरावर जायचे ही गोष्ट घरी चटकन पटत नाही. त्यातून मुलीने जायचे म्हणजे आणखी प्रश्न. आमचे दादा एकदा म्हणाले, ''आम्ही जलमभर त्या डोंगरात पाय झिजवले, ते चुकावं म्हणून तुला शाळंत घातलं, अन् तू परत तिकडंच निघालीस व्हय?'' त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. परंतु कामासाठी चालणाऱ्याची नजर कामावर असते. शेळी कोठे गेली, मोळी किती जड झाली, दिवस किती वर आला, याकडे त्याला पाहावेच लागते. शिक्षणाने मला चार तासांची मोकळीक दिली असेल, तर ते चार तास त्याच डोंगराकडे नीट पाहण्यात घालवावेत, असे मला वाटते.

या छंदाचे पूर्वसूरी

पायपीट आणि कॅमेरा यांची जोडी फार जुनी आहे. अमेरिकेत विल्यम हेन्री जॅक्सन हा छायाचित्रकार १८७१ साली सरकारी पाहणी पथकाबरोबर यलोस्टोनच्या दुर्गम प्रदेशात गेला. त्या काळी फोटो काचेच्या तावदानावर घ्यावा लागे. काच, रसायने, अवजड कॅमेरा हे सर्व ओझे खेचरांवर लादून तो डोंगर चढला. तेथील उष्ण पाण्याच्या झऱ्यांची व कारंज्यांची त्याने घेतलेली छायाचित्रे कायदेमंडळाच्या सभासदांनी पाहिली आणि पुढच्याच वर्षी, १८७२ साली, यलोस्टोन हे जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. इतरांचेही प्रयत्न त्यामागे होतेच. परंतु जे प्रदेश लोकांनी पाहिलेच नाहीत, ते राखावेत असे त्यांना वाटणार कसे? हे काम छायाचित्रांनी केले.

आपल्या देशात एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने १९२० च्या दशकात हिमालयाच्या पायथ्याच्या जंगलात वेगळाच प्रयोग केला. बंदुकीऐवजी त्याने कॅमेरा घेतला. वाघाच्या वाटेवर तार बांधायची, वाघाचा पाय तारेला लागला की उजेड पडायचा आणि वाघाचा फोटो आपोआप निघायचा. हे फोटो जुळवून पाहिले की प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात हे दिसून येते. त्याचे पुस्तक १९२७ साली प्रसिद्ध झाले.

मराठी वाचकाला मात्र सर्वांत जवळचे नाव गो. नी. दांडेकर (१९१६-१९९८) यांचे. 'दुर्गभ्रमणगाथा' लिहिणारे गोनीदा आपल्याला लेखक म्हणून ठाऊक आहेत. परंतु सह्याद्रीतील किल्ले पायी हिंडताना त्यांनी त्या किल्ल्यांची छायाचित्रेही काढली. लेखणी, पाय आणि कॅमेरा ही तिन्ही साधने एकाच माणसाने वापरल्याचे आपल्या भाषेतले हे उत्तम उदाहरण होय.

चॅम्पियनच्या तारेचा धागा आपल्या जिल्ह्यापर्यंत येऊन पोचला आहे. येडशी रामलिंग घाट अभयारण्यात डिसेंबर २०२४ मध्ये वनखात्याच्या कॅमेरा ट्रॅपमध्ये पट्टेदार वाघ टिपला गेला. पट्टे जुळवून पाहता तो यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्याचा असल्याचे निष्पन्न झाले. म्हणजे शेकडो किलोमीटर चालत, शेते, सडका, रेल्वेरूळ ओलांडत तो आपल्याकडे आला. एका फोटोने ही एवढी मोठी कथा उलगडली. जुन्या तारेच्या जागी आता अंगाच्या उष्णतेने व हालचालीने चालू होणारे यंत्र आले, एवढाच काय तो फरक.

कोठे आणि केव्हा जावे?

सह्याद्रीची एक शाखा हरिश्चंद्रगडापासून फुटून आग्नेयेकडे येते. तीच बालाघाटाची रांग अहिल्यानगर, बीड जिल्ह्यांतून आपल्या धाराशिव जिल्ह्यात येते. येथे उंच सुळके नाहीत. काळ्या बसाल्ट खडकाची पठारे, उतारावरची खुरटी झाडी, मधून कापत गेलेले ओढे आणि सपाट माळ असे तिचे रूप आहे. याच रांगेच्या एका अंगाचे पाणी मांजरा-तेरणेवाटे गोदावरीला मिळते, तर दुसऱ्या अंगाचे सीना-बोरीवाटे भीमेला. नवख्या माणसाला चालायला असा डोंगर सोयीचा. दोरखंडाची गरज नाही, विशेष प्रशिक्षणाची गरज नाही. एस. टी. ने उतरावे आणि चालू लागावे.

पावसाळ्यात रामलिंगला जावे. येडशीजवळच्या दरीत महादेवाचे मंदिर आहे आणि चांगला पाऊस झाला की मंदिरामागे धबधबा कोसळतो. रावणाशी लढताना जटायू येथेच पडला, अशी आख्यायिका लोक सांगतात. पक्षी पाहू इच्छिणाऱ्याने सुरुवात करायला याहून योग्य जागा कोणती? भोवतालचे सुमारे २२ चौरस किलोमीटरचे जंगल १९९७ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाले. मोराचा आवाज येथे सहज कानी पडतो. कपारीतून कळलावीची ज्वाळेसारखी फुले डोकावतात.

याच दिवसांत नळदुर्गही पाहावा. बोरी नदीवर किल्ल्याच्या तटांना जोडणारा बंधारा इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळात बांधला गेला आणि त्या बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल आहे. नदी भरली की बंधाऱ्यावरून नर आणि मादी हे दोन धबधबे पडतात. दगड, पाणी आणि उजेड या तिन्हींचा फोटो एकत्र कसा घ्यावा याचा तो उत्तम धडा आहे.

दसऱ्याच्या सुमारास आकाश धुतल्यासारखे स्वच्छ होते. माळावर तरवड पिवळाधमक फुललेला असतो, गवत कमरेला लागते. धाराशिवची लेणी पाहायला हा काळ चांगला. शहराजवळच्या डोंगरातली ही प्राचीन लेणी आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या सहलीत धावतपळत पाहिली असतील. तेथे सकाळी जावे आणि दारातून आत येणारा उजेड खांबांवरून कसा सरकतो ते तासभर बसून पाहावे.

हिवाळ्यात तलावांवर पाहुणे येतात. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक यांसारखी बदके दूर उत्तरेकडून येऊन आपल्या लहानमोठ्या तलावांवर उतरतात. कापलेल्या शिवारावर तरंगत जाणारे भोवत्या जातीचे शिकारी पक्षीही याच काळात दिसतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो. तेव्हा एका झाडासमोर सकाळभर बसले तरी मैना, शिंजीर, बुलबुल, कोतवाल असे अनेक पक्षी मध प्यायला येऊन जातात. एप्रिल-मेमध्ये मात्र ऊन भाजून काढते. या दिवसांत पहाटे निघून नऊच्या आत परतावे.

मुख्य म्हणजे प्रसिद्ध ठिकाणीच गेले पाहिजे असे नाही. आपल्या गावची पाणंद, ओढा आणि गायरान या तीन जागा वर्षभर पाहिल्या तरी एक वही भरेल.

कॅमेरा कोणता आणि कसा वापरावा?

महागडा कॅमेरा नसेल तर हा छंद करता येत नाही, हा गैरसमज आहे. मोबाईल आज बहुतेक विद्यार्थ्यांच्या हातात आहे. दूरच्या पक्ष्याचा फोटो त्याने नीट येत नाही हे खरे. पडद्यावर दोन बोटांनी चित्र मोठे केले की पक्षी जवळ आला असे वाटते. परंतु पुष्कळ मोबाईलमध्ये मधला भाग कापून तोच मोठा केला जातो आणि चित्र फुटते. म्हणून मोबाईलवाल्याने पक्ष्याच्या मागे लागू नये. फुले, कीटक, कोळ्याची जाळी, झाडाची साल, दगड, ढग, पायठसे, सुगरणीची रिकामी घरटी हे विषय त्याच्यासाठी उत्तम आहेत.

छायाचित्र म्हणजे उजेडाची नोंद. म्हणून आधी उजेड ओळखायला शिकावे. सकाळी आणि सायंकाळी ऊन तिरपे येते. गवताच्या प्रत्येक काडीला सावली मिळते, दगडाचा खडबडीतपणा दिसतो, रंग मऊ होतात. दुपारी ऊन डोक्यावर आले की उजळ भाग पांढरा फटक पडतो आणि सावल्या काळ्याकुट्ट होतात. आपला काळा खडक आणि काळी माती तर दुपारी नुसती डाग दिसते. ढगाळ दिवशी मात्र फुलांचे फोटो दिवसभर घेता येतात.

कॅमेऱ्यात उजेडावर ताबा ठेवणाऱ्या गोष्टी तीन. भिंगाचे छिद्र किती उघडायचे, ते किती वेळ उघडे ठेवायचे आणि उजेड टिपणारा पडदा किती संवेदनशील ठेवायचा. छिद्र मोठे ठेवले तर फूल स्पष्ट आणि मागचे रान धूसर येते. लहान ठेवले तर जवळचे-दूरचे सर्व स्पष्ट येते. वेळ कमी ठेवला, समजा सेकंदाचा हजारावा भाग, तर उडत्या पक्ष्याचे पंख थिजल्यासारखे दिसतात. वेळ वाढवला, अर्धा सेकंद केला, तर धबधब्याचे पाणी कापसासारखे मऊ येते. त्यासाठी कॅमेरा दगडावर घट्ट टेकवावा. संवेदनशीलता फार वाढवली तर फोटोत रवाळपणा येतो.

मोबाईलमध्ये हे सर्व आपोआप होते. तरी एक गोष्ट आपल्या हाती असते. पडद्यावर ज्या जागी बोट टेकवू त्या जागेप्रमाणे तो नेम आणि उजेड ठरवतो. पांढऱ्या आभाळापुढे बसलेला पक्षी काळा येतो, कारण यंत्र आभाळाचा उजेड पाहून चित्र अंधारे करते. अशा वेळी पक्ष्यावर बोट टेकवून उजेड थोडा वाढवावा.

आणखी दोन साध्या सूचना. पहिली, विषयाच्या उंचीवर यावे. उभ्याने फुलाचा फोटो घेतला तर फक्त माती दिसते. गुडघे टेकून घेतला तर फुलामागचा डोंगरही दिसतो. कपडे मळतात, पण आपल्या मातीला आपण काय लाजायचे! दुसरी, मोजके फोटो घ्यावेत. पूर्वी कॅमेऱ्यात रोल घालावा लागे आणि त्यात ३६ फोटो बसत. प्रत्येक फोटोला पैसे पडत, म्हणून माणूस विचार करून बटण दाबी. आज शेकडो फोटो फुकट निघतात आणि एकही लक्षात राहत नाही. एका भटकंतीत ३६ च फोटो घ्यायचे असा नियम स्वतःला घालून घेतला तर नजर लवकर तयार होते.

पक्ष्याजवळ जाताना सरळ त्याच्याकडे चालू नये. तिरपे, थांबत थांबत जावे, त्याच्याकडे टक लावून पाहू नये. त्याहून चांगले म्हणजे एका जागी बसून राहावे. गुरांच्या कळपामागे गायबगळे आणि कोतवाल असतात, कारण खुरांनी गवतातले किडे उडतात. कळपाजवळ गुराख्याची परवानगी घेऊन बसले तर ते आपणहून जवळ येतात. हे ज्ञान कोणत्याही भिंगापेक्षा मोलाचे आहे आणि ते खेड्यातल्या मुलांपाशी आधीच असते.

वही आणि आजी

फोटो काढला म्हणजे काम संपले असे नाही. प्रत्येक भटकंतीची वहीत नोंद ठेवावी. तारीख, वेळ, ठिकाण, हवा, काय पाहिले आणि ते काय करीत होते. पाच वर्षांनी पळस त्या वर्षी केव्हा फुलला, टिटवी कोणत्या महिन्यात अंड्यांवर बसली हे सांगणारी ती वही होईल. तारीख आणि ठिकाण नसलेला फोटो नुसता सुंदर असतो. ते असले की तो पुरावा होतो.

नावे कशी कळणार, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. पक्ष्यांची पुस्तके ग्रंथालयात मिळतात, मोबाईलमध्येही साधने आहेत. परंतु मला सर्वांत जास्त नावे माझ्या आजीने सांगितली. तिला लिहिता-वाचता येत नाही. मोबाईलवरचा फोटो डोळ्यांजवळ धरून ती म्हणते, ''हे तरवड हाय की. हेच्या सालीनं कातडं कमवायचे.'' पुढच्या फोटोवर, ''हा हिवर. हेच्या काट्याचं कुपन केलं तर वरीसभर बघाय नको.'' पुस्तकात झाडाचे शास्त्रीय नाव मिळते. त्या झाडाचे आपल्या माणसांशी असलेले नाते पुस्तकात मिळत नाही. मी दोन्ही नावे वहीत शेजारीशेजारी लिहिते. एखाद्या गवताचा फोटो पाहून ती कधी कधी बराच वेळ गप्प बसते आणि मग म्हणते, ''हे आता कुटं दिसतंय गं? आमच्या खालच्या माळाला लई असायचं.'' तो खालचा माळ आता नांगरटीखाली गेला आहे. आमच्या घरात ते गवत आता दोनच ठिकाणी उरले आहे, माझ्या फोटोत आणि आजीच्या आठवणीत.

पाळावयाची पथ्ये

एकट्याने जाऊ नये. तिघे-चौघे असावेत आणि कोठे जातो, केव्हा परततो हे घरी सांगून जावे. मुलींनी जाऊ नये असे म्हणण्यापेक्षा मुलींचा गट करून, एखाद्या प्राध्यापिका किंवा गावातील जाणत्या बाईबरोबर जावे, असे मी म्हणेन. पाणी भरपूर घ्यावे. पायात पूर्ण बूट असावेत, गवतात व दगडात हात घालण्यापूर्वी पाहावे. लेण्यांच्या आणि तटांच्या कपारीत आग्या मोहोळे असू शकतात. तेथे धूर, अत्तर, आरडाओरडा कटाक्षाने टाळावा. धबधब्याच्या काठी शेवाळलेल्या खडकावर उभे राहून स्वतःचा फोटो घेण्याचा मोह जिवावर बेततो. अभयारण्यात शिरण्यापूर्वी वनरक्षकाला विचारावे. वाघाच्या वास्तव्यानंतर तर हे अत्यंत आवश्यक झाले आहे.

ही झाली आपल्या जिवाची काळजी. दुसऱ्या जिवांचीही तितकीच घ्यावी. घरट्याचा फोटो घेऊ नये. माणूस जवळ उभा राहिला की आई अंड्यांवरून उठते आणि उन्हाने अंडी तापतात, किंवा कावळा ती हेरतो. टिटवी, तित्तर, चंडोल जमिनीवरच अंडी घालतात, म्हणून माळावर पाय जपून टाकावा. पक्षी जवळ यावा म्हणून मोबाईलवर त्याचा आवाज वाजवू नये. लांडग्याची किंवा खोकडाची बिळे, घुबडाची ढोली यांची नेमकी जागा फोटोबरोबर चार लोकांत पसरवू नये, कारण तो फोटो शिकाऱ्याच्याही हाती पडू शकतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे, परंतु माळावर कायद्याआधी आपणच पोचलेलो असतो.

आपला जिल्हा आपण पाहावा

आता दुसऱ्या आक्षेपाकडे येते. आपल्या भागाचे फोटो महाराष्ट्राने केव्हा पाहिले? ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर पाहिले. २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले तेव्हा पाहिले. सप्टेंबर २०२५ मध्ये भूम-परंडा भागात पुराचे पाणी शिरले तेव्हा पाहिले. ते फोटो खरे आहेत आणि ते निघालेच पाहिजेत. परंतु भेगाळलेली जमीन आणि वाहून गेलेले पीक एवढेच आपल्या जिल्ह्याचे रूप नाही. बाहेरचा छायाचित्रकार संकटाच्या दिवशी येतो आणि संकट सरले की जातो. उरलेल्या दिवसांचे फोटो येथे राहणाऱ्यानेच काढायचे आहेत.

आणि ते वेळेवर काढायला हवेत. तुळजापूरला लागून असलेल्या सोलापूर जिल्ह्यातील नान्नजचा माळ माळढोकासाठी प्रसिद्ध होता. या पक्ष्यासाठी १९७९ साली तेथे अभयारण्य झाले. गवताळ माळ कमी होत गेले, विजेच्या तारा वाढल्या, आणि आज तेथे माळढोक दिसणे ही अत्यंत दुर्मीळ गोष्ट झाली आहे. माळाला पडीक जमीन म्हणण्याची आपल्याला सवय आहे. पडीक म्हटले की ती नांगरायला किंवा दुसऱ्या कामी लावायला कोणाची हरकत नसते. त्या पडीक जमिनीवर चंडोल गातो, काळवीट चरतो, लांडगा पिले वाढवतो, हे ज्याने पाहिले आणि टिपले आहे तोच तिला निराळे नाव देऊ शकेल.

आपल्या महाविद्यालयात विद्यार्थी दूरदूरच्या खेड्यांतून येतात. प्रत्येकाने आपल्या गावच्या माळाचे, ओढ्याचे आणि झाडांचे वर्षभरात बारा फोटो जरी तारीख व गावातल्या नावासह जमा केले, तरी भूगोल व मराठी विभागाला मिळून जिल्ह्याचा एक सुंदर संग्रह तयार करता येईल. प्राध्यापकांनी या सूचनेचा विचार करावा अशी माझी नम्र विनंती आहे. विद्यार्थी मित्रमैत्रिणींना एवढेच सांगते, की पुढच्या रविवारी गावी जाल तेव्हा फाट्यावर उतरून घरापर्यंत रिक्षाने जाऊ नका. पाणंदीने चालत जा, वाटेत पाच ठिकाणी थांबा, आणि घरी पोचल्यावर काढलेले फोटो सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला दाखवा. वही मात्र जवळ ठेवा.